गिटारला तीन तारा पुरेत

१४ एप्रिल
नातू लष्करातून परत आला. गेला तेव्हा शायलोच्या ओठांवर लव होती. आला तो मिशी आणि विजेची गिटार घेऊन. नारिन शहरातल्या बँडमध्ये लीड वाजवणार म्हणे. लीड म्हणजे काय ते विचारलं, तर म्हणाला, सगळ्यांच्या पुढे असतो तो. आमच्याकडे सगळ्यांच्या पुढे बोकड असतो, मेंढ्या मागून. पण पोर दमून आलेलं, बोलले नाही.

निश्चय: सप्टेंबरात आमच्या म्हाताऱ्याला जाऊन वर्ष होईल, त्याचं जेवण. अख्खं खोरं येणार. जन्मभर कोमुझ, आमचं तीन तारांचं वाद्य, वाजवलेला माणूस तो. त्याची धून त्या दिवशी त्याच्याच रक्तातल्या कुणीतरी वाजवायची, अशी रीत आहे. मुलगा ट्रॅक्टर चालवतो, त्याची बोटं म्हणजे मुळे. उरला शायलो. त्याने नाही वाजवलं तर पलीकडच्या गावचा कोमुझवाला ओसमोन वाजवेल, आणि वर माझ्याकडे बघून दाढी कुरवाळेल. तेव्हा सप्टेंबरपर्यंत गिटार सुटली पाहिजे, कोमुझ धरला पाहिजे. सोपं आहे. मी द्वाड शिंगरं वठणीवर आणली आहेत.

१९ एप्रिल
आज ऐकलं. एका श्वासात ढीगभर सूर. चिखलात रुतलेला घोडा पाय झाडतो तसं. विचारलं, बाबा, तुझ्या मागे कुणी लागलंय का? म्हणाला, याला स्पीड म्हणतात, कॅसेटवर याहून जोरात असतं. मी म्हटलं, पळून जाणाऱ्याला स्पीड लागतो, घरी येणाऱ्याला नाही. हसला. म्हणजे पटलं.

२ मे, दुपार
प्लॅस्टिकच्या टिकलीने तो तारा छेडतो. ती टिकली चुलीत घातली. आता गिटार बंद.

५ मे
बंद नाही. बोटांनी वाजवतोय. आवाज जरा गोल झालाय, दात पडलेल्या कुत्र्यासारखा. बँडच्या पोरांना फार आवडला म्हणे. आवडू दे. कोमुझ बोटांनीच वाजवतात, पोराला ठाऊक नाही की तो अर्ध्या वाटेवर आलाय. हाच माझा बेत होता.

२० मे
म्हाताऱ्याची धून शिकवायला घेतली. मी गुणगुणते, शायलो उचलतो. पन्नास वर्षं ऐकलीय, झोपेतसुद्धा चुकायची नाही. कोमुझवर घे म्हटलं तर म्हणाला, आधी गिटारवर बसवतो. बसव. घोड्याआधी गाढवावर बसतातच.
मी सांगते ते लिहून घेणारी सून बुरुल म्हणाली, मधला भाग माझी आईपण म्हणायची. तिच्या आईला गाण्यातलं काय कळतंय? हे लिहू नकोस म्हटलं होतं. लिहिलंनच.

११ जून
शायलो गवत कापायला गेला तेव्हा पक्कड घेतली आणि जाड तारा काढून टाकल्या. कोमुझला तीन पुरतात, तर याला सहा कशाला? राहिलेल्यांपैकी बाजूच्या दोघी ढिल्या केल्या, म्हणजे मधली सगळ्यांत उंच. कोमुझची असते तशी. आता त्या लाकडाला गिटार म्हणून कोण ओळखेल?

१२ जून
ओळखली. माझ्याशी बोलत नाही. लोणी पुढे केलं, घेतलं नाही.

१५ जून
बोलला. आत बसून सकाळपासून तेच ते वाजवत होता. मग बाहेर आला, माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "एने, हा आवाज कुणाकडेच नाही. कॅसेटवरच्या लोकांकडेपण नाही." तारा परत लावल्या नाहीत. पुरता जाळ्यात आलाय. आता गिटारमध्ये गिटारपण नावालाच राहिलंय.
आणखी एक सांगितलं. सूर सोडला की थांब, त्याला समोरच्या डोंगरापर्यंत जाऊन येऊ दे. तो थांबायला लागलाय. ड्रमवाला मात्र कावलाय. त्याला वाटतं, हा विसरला.

८ जुलै
नवा डाव. खरा कोमुझवाला वाद्य उलटं धरतो, खांद्यावर घेतो, उजव्या हाताने वारा दाखवतो, टापा दाखवतो. सगळं करून दाखवलं. माझा हिशेब असा की गिटार ओंडक्यासारखी जड; खांदा भरून येईल आणि पोर आपणहून भिंतीवरचा हलका कोमुझ उतरवेल.

२१ जुलै
घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी त्यांचा बँड होता. शायलोने गिटार खांद्यावर घेतली, उलटी केली, हाताने टापा दाखवल्या. पोरी किंचाळल्या. त्या परंपरेसाठी किंचाळल्या. त्यांना माहीत नव्हतं, एवढंच.
खांद्याला काही झालेलं नाही.

३० ऑगस्ट
सगळ्या पाहुण्यांना निरोप गेले: नातू कोमुझवर आजोबांची धून वाजवणार. हे शायलोच्या कानावर गेलं. आला, समोर बसला. "एने, कोमुझवर मी आजोबांची नक्कल करीन, आणि तीही वाईट. गिटारवर मला माझं काहीतरी देता येईल." मी हो म्हटलं. ऐनवेळी हात आपोआप भिंतीकडे जाईल. रक्त आहे शेवटी.

१२ सप्टेंबर
हात गेला नाही.
जनरेटर सुरू झाला तसे म्हातारे आपापल्या टोप्या मांडीवर ठेवून त्या टोप्यांकडेच बघत बसले. शायलोने मधली तार छेडली. आणि थांबला. सूर डोंगरापर्यंत गेला, आला. मग दुसरा. कुणी खोकलं नाही. धून मध्यावर आली, तर तिकडे कढयांपाशी मांस काढणारी एक बाई बरोबरीने म्हणायला लागली. मग दुसरी. मग सगळ्याच, हातातले डाव वर धरून. माझे डोळे भरले. म्हटलं, बघ म्हाताऱ्या, बायकांनासुद्धा पाठ आहे तुझी धून. मुद्दाम ओसमोनकडे बघितलं.
तो वाटी घेऊन माझ्यापाशी आला. "वहिनी, हात आजोबाचा, जुमाशचाच आहे पोराचा. सुरुवातपण त्याचीच."
"आणि पुढचं?"
"पुढचं रात्री लांडगे येऊ नयेत म्हणून बायका मेंढ्यांभोवती फिरत म्हणतात ते."
म्हटलं, कान तपासून घे. तर हा विचारतो, "तो आत पाहुण्यांना वाजवून दाखवायचा तेव्हा तू कुठे असायचीस?"
कुठे असणार? बाहेर. मेंढ्या काय पाहुणे राखणार होते?

१३ सप्टेंबर
ओसमोन म्हातारा झालाय, त्याला काही ऐकू येत नाही. तसं शायलोला समजावून सांगितलं. शायलो म्हणाला, बायकांचं ते मी काढणार नाही, तेच सगळ्यांत चांगलं झालंय. पण आजोबांचं उरलेलं फक्त ओसमोनच्या बोटांत आहे, आणि तो ऐंशीचा झालाय.
गिटार पाठीला लावली, रोटी घेतली, निघाला ओसमोनकडे. मी शाल शोधली. म्हटलं, मीही येते, चुकलात तर सांगायला कुणीतरी हवं.
दारात थांबला. माझी शाल नीट खांद्यावर घातली.
"नको एने," म्हणाला. "तू गुणगुणशील."