पेपर अजून गप्प आहे

कोचकोर,
२४ नोव्हेंबर

लाडक्या तालाय,

मोठ्या बहिणीचे, तुझ्या एजेचे, खूप आशीर्वाद. हे पत्र मी तिथे येकातेरिनबुर्गात शेरअली आजोबांना फोनवरून पाठवते आहे, ते छापून तुझ्या हातात देतील. त्यांना आधी चहा दे, घाई करू नकोस. मी स्वतः फोन केला नाही म्हणून रागावू नकोस.

इथे बर्फ पडलं. बटाटे तळघरात गेले. छापखाना बंद झाल्यापासून आपला पेपर फोनवरच निघतो, हे तुला ठाऊकच आहे. बाबा म्हणायचे, "ज्यात गरम तळलेले बोरसोक बांधून देता येत नाहीत, तो कसला मेला पेपर!" पण जगाच्या बातम्या फुकट मिळतात रे, कुणाची घोडी हरवली, कुणाच्या मुलीचं ठरलं, हे आपल्याशिवाय कोण सांगणार? त्यासाठीच तुम्ही दूरची पोरं वर्गणी भरता.

तरी वसंतात पेपर बुडताबुडता वाचला. शेजारच्या नूरदानची आई गेली आणि मी लगेच बातमी टाकली. तो मॉस्कोत टॅक्सी चालवत होता. त्याचा फोन आला, "एजे, आई गेल्याचं मला पेपरनं सांगायचं? बाजूला एक माणूस नव्हतं माझ्या!" अर्ध्या गावानं वर्गणी बंद केली. बाबा मला म्हणाले, "मरणाची बातमी माणसाला बसवून सांगायची असते. दोन्ही बाजूंना आपली माणसं लागतात. तुझा पेपर पाठीवर हात ठेवतो का?"

तेव्हापासून नियम केला. दूरच्या लेकराला तिथल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितल्याशिवाय पेपरात ओळ नाही. उशिरा छापतो म्हणून सगळा बाजार हसतो, पण गेलेले वाचक परत आले, आणखी नवेही आले.

रात्री जेवताना बाबा विचारायचे, "येकातेरिनबुर्गहून कुणी उघडला का गं?" मी हो म्हटलं की म्हणायचे, "म्हणजे पोरगं कामावरून परतलं, जेवलंही असेल." मग कुठे ते स्वतःच्या घासाला हात लावायचे. तुझ्याशी फोनवर मात्र हवापाण्याच्याच गप्पा. कधी ये म्हणाले नाहीत. मीही म्हणाले नाही. तुझ्याविना घर खायला उठतं, हेसुद्धा आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आज तू पेपर उघडला असशील. त्यात काही नाही. सगळ्या कोचकोरला ठाऊक आहे, पण पेपर गप्प आहे.

शेरअली आजोबा तुझ्या उजवीकडे बसलेत ना? डावीकडे त्यांचा लेक? मग आता कागद खाली ठेव आणि ते काय सांगतात ते ऐक. माझ्या हातून ते वाक्य उतरत नाही.

ऐकलंस?

अंगणात नमद्याचा तंबू उभा राहिला आहे. बायका आत भिंतीकडे तोंड करून रडताहेत, मला हाका मारताहेत. दाराशी पुरुष उभे आहेत, मुलाची जागा मोकळी ठेवून. माती तुझ्यासाठी थांबवली आहे.

ये रे.

तुझी वाट पाहणारी, आता घरातली एकटीच,
जिपार एजे