तारामाशाचा मुक्काम

११ जून १९७९, महाड.
संकल्प: 'प्रवाळावरील तारामासे : आहार आणि सवयी' हा ग्रंथ दिवाळीपूर्वी हातावेगळा करणे. मराठीत असा ग्रंथ नाही. मग लक्षद्वीपच्या सरकारी प्रवाळ-सर्व्हेत मला घ्यावंच लागेल. तोवर मुक्काम सासुरवाडीत. तात्पुरता. (गेल्या जूनमध्येही हेच लिहिलंय. पण तेव्हा ग्रंथाचं नाव ठरलं नव्हतं.)

सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, पोलादपूरच्या हायस्कुलात सायन्स टीचरची जागा बघून ठेवलीय. पोलादपूर! पुढे आंबेनळीचा घाट, समुद्राचं नाव नाही. तिथे गेलो की संपलो. कालिंदी म्हणाली, समुद्र महाडातही नाही. बायकोला लांबचं दिसत नाही.

२४ जून.
प्रकरण पहिलं. शीर्षक लिहिलं.
फार कोंडल्यासारखं होतं. माडीवर एकच खिडकी, तीही अण्णांच्या दुकानाच्या गोदामाकडे. जेवल्यावर सुचत नाही, पडावं लागतं. आज बॅग भरून निघणारच होतो, पण सासूबाईंनी शिरा केला. माणसाला असं अडकवतात.

८ जुलै.
सुकट निवडताना सासूबाईंना एक वाळका तारामासा सापडला. टाकणार होत्या! वेळेवर पोचलो. प्रवाळाचाही नमुना हवा म्हणून त्यांच्या अंगठीतलं पोवळं मागितलं. दिली अंगठी. साबण लावून काढली.

१९ जुलै.
आज मुख्य मुद्दा हाती लागला. काटेरी तारामासा प्रवाळावर चढून बसतो. मग आपलं जठर तोंडावाटे बाहेर काढतो, भक्ष्यावर पसरतो आणि जागच्या जागी पचवतो. मागे उरतो पांढरा सांगाडा. काय हा ऐतखाऊपणा! वाचून संताप आला. कालिंदीला सगळं सांगितलं. ती माझं ताट उचलत होती. (हल्ली ताट माडीवरच येतं. जिना उतरण्यात वेळ मोडतो.)

५ ऑगस्ट.
गणेशोत्सवाच्या व्याख्यानमालेत माझं व्याख्यान! अध्यक्ष मुंबईचे प्रोफेसर. त्यांची सर्व्हेवाल्यांशी ओळख असणारच. सुटका जवळ आली.
कालिंदीने विचारलं, पोलादपूरचे हेडमास्तर आता थांबायला तयार नाहीत, शेवटचं काय ते सांगा. म्हटलं, व्याख्यानानंतर. ती 'बरं' म्हणाली. समजूतदार आहे.

३० ऑगस्ट, सकाळ.
प्रचंड यश! मंडप हसून लोळला. शास्त्रीय विषयाला महाडात असा प्रतिसाद कधी मिळाला नसेल.

उशीचा अभ्रा उलटा करून बुंदीच्या लाडवावर पसरला आणि म्हटलं, 'हा असा बसतो. एकदा बसला की हलत नाही.' तिथून हशा सुरू झाला. पहिल्या रांगेत अण्णा तेवढे मान खाली घालून होते. वयामुळे डोळा लागला असावा. मागून गोदामातल्या कोंडाजी हमालाने विचारलं, 'असलं जनावर आपल्याकडं हाय का, सायेब?' मी गंभीरपणे उत्तर दिलं: सध्या नाही, पण अन्न भरपूर आणि हाकलणारं कुणी नाही अशा ठिकाणी तो हमखास टिकतो. टाळ्या थांबेनात.

प्रोफेसर पाठ थोपटून म्हणाले, विनोदी बोलता छान. पत्ता मात्र मागितला नाही. गडबडीत राहिलं.

७ सप्टेंबर.
कालिंदीने पोलादपूरची जागा घेतली. स्वतः! ती बी.एस्सी. आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. खोलीही बघून आली. म्हणाली, 'खोली दोघांना पुरेल. चला. स्वयंपाक वाटून करू.' मी समजावलं: सर्व्हेचं पत्र या पत्त्यावर येईल, तेव्हा मी इथे हवा. तिने एकदाच विचारलं, पत्र येणार असं कुणी सांगितलंय का? मी म्हटलं, तूर्त कुणी नाही. तिने माझे कपडे ट्रंकेतून काढून पलंगावर ठेवले. घडी न मोडता.

१० सप्टेंबर.
गेली. पोचवायला स्टँडवर अण्णा गेले. मी खिडकीतून हात हलवला, पण खिडकी गोदामाकडे. वाईट वाटलं. खूपच. एक ओळ लिहून झाली नाही.

११ सप्टेंबर.
ताट माडीवर आलं नाही. खाली गेलो. आमटी, भात. अण्णा, सासूबाई आणि मी. शेवटी सासूबाईंनी विचारलं, 'ते पोवळं सगळं खाऊन झालं, की तुमचा मासा काय करतो हो?' वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी विषयात रस घेतला! उत्साहाने सांगितलं: मग तो तिथून उठतो आणि दुसरीकडे जातो.

त्यांनी आमटीचं पातेलं झाकलं. म्हणाल्या, 'म्हणजे जातो तरी.'

मी हातातला घास ताटात ठेवला. मी काही विचारलं नव्हतं, तरी अण्णा म्हणाले, पोलादपूरची पहिली गाडी सहाला आहे.

अंगठी परत दिली. कपडे पलंगावर आहेतच, घडी केलेले. ट्रंक नाही, पिशवी पुरेल. कालिंदी आज एकटी जेवली असेल. उद्या जायचं, नक्की.

फक्त चहा इथे सातला होतो.