चहाच्या रंगाची बाटली

वरचा तांडा, ता. पुसद
४ सप्टेंबर २०२४

ती. बाईस,
पुष्पाचा सा. न. वि. वि.

तुझ्या झरीच्या क्वार्टरचं छत गळत होतं, ते दुरुस्त झालं का? फोनच केला असता, पण तुझ्याकडे टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही आणि इथे मी फोनवर बोलले की अर्धा तांडा ऐकतो. मी आश्रमशाळेत होते तेव्हा तू धाकट्या बहिणीला पोस्टकार्डं पाठवायचीस. म्हटलं, तसंच लिहावं.

मला सहावा महिना सरत आला. आपले याडी-बापू यंदाही ऊसतोडीला जाणार, माहेरी कोणी नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. माझी तब्येत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. फक्त पाण्याखाली राहिल्यासारखं वाटतं. माणसांचे आवाज लांबून येतात. सोयाबीनच्या शेताकडेला धुऱ्यावर बसले की डोळे उघडे असतात आणि तरी स्वप्नं पडतात. परवा बैलांची लांबच लांब रांग दिसली, पाठीवर मिठाच्या गोण्या. पुढे आपली पणजी चालत होती. तिच्या फेटियाच्या घेरावरचे आरसे असे लखलखत होते की माझे डोळे दिपले. तिनं मला ओळखलं नाही, पण ती थांबली. मला फार बरं वाटलं. उठले तेव्हा हातपाय थंडगार होते.

आणि बाई, हसू नको, मला माती खावीशी वाटते. भिंती पोतायला आणलेली पांढरी माती मी पदरात बांधून शेतात नेते.

आशाताई नंदाबाईनं बोट टोचून रक्त पाहिलं. सहा पॉइंट सहा. तिचं तोंड उतरलं. म्हणाली, पुसदच्या दवाखान्यात जाऊन रक्तवाढीच्या चार-पाच बाटल्या लावून घ्याव्या लागतील. तिनं आधी दिलेल्या गोळ्यांनी मला मळमळतं, म्हणून अर्ध्याअधिक मी उकिरड्यात टाकल्या. हे तुलाच सांगते आहे. आमचे इंद्रजीत म्हणतात, ऐन फवारणीत पुसदला पाच-पाच फेऱ्या कोण करणार? एक डॉक्टर मोटारसायकलवर तांड्यात येतो. तो म्हणतो, घरीच दोन लाल बाटल्या लावतो, आठ दिवसांत पोरगी टमाट्यासारखी होईल. १५ तारीख ठरली आहे. पण सासूबाई उंबऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या की या घरात बाटली टांगू देणार नाही, घरची नाही आणि दवाखान्याचीही नाही. काहून, ते सांगत नाहीत. सासरे देवसिंगबापू खाली मान घालून बसले.

मी काय करू, ते लिही. माया आहेच, ती पत्रातून थोडी जास्त पाठव.

तुझी,
पुष्पा


झरी जामणी
९ सप्टेंबर २०२४

चि. सौ. पुष्पा हिस,
बिजलीचे अनेक आशीर्वाद.

छत अजून गळतंच. बादली ठेवली की झोप लागते, म्हणून तक्रार करत नाही.

पणजीला माझा रामराम सांग, पण तिच्या मागे चालायला लागू नकोस. पुष्पा, ती स्वप्नं, ते थंड हातपाय, मातीची भूक, हे सगळं रक्त कमी झाल्याचं लक्षण आहे. तुझं काळीज थोड्याशा रक्तावर दोन जिवांचा गाडा ओढतं आहे. अशा बाईला बाळंतपणात जरा जास्त रक्त गेलं तरी सोसत नाही. इतकी वर्षं लेबर रूममध्ये काढली, म्हणून हे कठोर लिहिते.

घरी बाटली लावून घ्यायची नाही. ही लोहाची बाटली औषध म्हणून चांगली आहे, मी स्वतः कितीतरी जणींना लावली आहे. पण त्याआधी सिकलसेलची तपासणी हवी, आपल्या भागात ते पुष्कळ निघतं, आणि तसं असेल तर उपचाराचा विचार वेगळा करावा लागतो. मग वजन आणि रक्त पाहून किती औषध द्यायचं याचा हिशेब डॉक्टर करतात. बाटली हळू सोडायची असते. ती चालू असताना आणि संपल्यावरही अर्धा तास कोणीतरी नजर ठेवायची असते, आणि काही उलटं झालंच तर त्यावरचं इंजेक्शन हाताशी लागतं. मोटारसायकलच्या डिकीत हे सगळं नसतं. गोळ्या फेकल्या हेही डॉक्टरीणबाईंना खरं सांग, त्या रागावणार नाहीत. रागवायला मी आहे.

पत्र पोचेपर्यंत धीर निघेना, म्हणून काल टेकडीवर चढून इंद्रजीतरावांना फोन केला. १५ तारीख रद्द करतो म्हणाले. सासूबाईंशी बोलायचं होतं, पण त्यांनी फोन कानाला लावला नाही. त्यांचं अर्धं बरोबर आहे, एवढं त्यांना सांग. उरलेल्या अर्ध्याचं कारण मला कळायला हवं.

जिवाला जप, आणि ती माती पदरातून सोड.

तुझी,
बिजली


वरचा तांडा
१४ सप्टेंबर २०२४

बिजलीबाईले रुपीबाईचा जय सेवालाल.

मी शिकेल नाही. मी बोलून राह्यली, इंद्रजीत लिहून राह्यला. तू फोन केलता, मी घेतला नाही. राग नको मानू. फोनवर माह्यानं हे बोलणं झालं नसतं.

मले एक पोरगी होती, सोनू. इंद्रजीत तवा तीन वर्साचा होता, त्याले काही याद नाही. सोनू पोटुशी होती आन् हळदीसारखी पिवळी पडली होती. एक माणूस तांड्यात सुई द्यायले ये. त्यानं लाल बाटली आणली, खुंटीले टांगली, आन् दुसऱ्या घरी सुई द्यायले गेला. सोनू मान खाजवे. मले वाटलं डास चावला. मंग म्हणे, याडी, छातीत दाटून राह्यलं. मी तिले पाणी पाजलं. पाठ चोळली. त्याले बलावून आणलं तोवर ती गेलती.

हे मी कोणाले सांगितलं नाही. तिच्या बापानंही सांगितलं नाही. इंद्रजीतले आत्ताच समजलं. तो लिहायचा थांबला होता, मीच म्हटलं लिही.

पुष्पाले मी सून म्हणून नाही पाहत. आता तू सांग. दवाखान्यातही तसंच झालं तं? तू नर्स आहेस, पण तिची बहीणही आहेस. मले बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नको.

तुह्या जबाबाची वाट पाहते.

रुपीबाई


झरी जामणी
१९ सप्टेंबर २०२४

ती. रुपी याडीस,
बिजलीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

तुम्ही खरं विचारलंत, मी खरं लिहिते. दवाखान्यात असं होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. क्वचित एखादीला हे औषध सोसत नाही. फरक एवढाच की तिथे बाटली लावून कोणी निघून जात नाही. अंगाला खाज आली, दम लागला, छाती भरून आली, की लगेच नळी बंद करतात आणि डॉक्टर धावत येतात. वेळेवर थांबवलं तर बहुतेक वेळा माणूस सावरतं. आणि पुष्पाचं रक्त आहे तेवढंच राहिलं, तर धोका त्याहून मोठा आहे.

सोनूला नेमकं काय झालं, हे इतक्या वर्षांनी आणि इतक्या लांबून मला सांगता येत नाही. पण याडी, तुम्ही पाणी पाजलंत म्हणून ती गेली नाही. डास समजलात म्हणूनही नाही. तिथे ज्यानं थांबायला हवं होतं, तो थांबला नाही.

तुम्ही पुष्पाबरोबर जा. उशाशी स्टूल मागून घ्या आणि बसा. तुमच्याइतकं तिच्याकडे कोणीच पाहू शकणार नाही. जायचं की नाही, हे मात्र तुम्ही दोघींनी ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तरी मी तुमचीच राहीन.

बिजली


पुसद
६ ऑक्टोबर २०२४

ती. बाईस,
पुष्पाचा नमस्कार.

तुझं पत्र इंद्रजीतनी सासूबाईंना वाचून दाखवलं. ऐकून त्या शेतात निघून गेल्या. परत आल्या त्या गाठोडं बांधायलाच. मला विचारलं, जायचं ना? मी हो म्हटलं.

सिकलसेल निघालं नाही. एवढं कमी रक्त पाहून डॉक्टरीणबाईंनी दाखलच करून घेतलं, म्हणजे फेऱ्यांचा प्रश्नच मिटला. गोळ्या फेकल्याचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, तू पहिली नाहीस. एक दिवसाआड एक, अशा पाच बाटल्या ठरल्या. तोवर गोळ्या बंद.

बाटली लाल नसते गं. चहासारखी असते, कोरा चहा. मी डाव्या कुशीवर पडून थेंब मोजायची. वीस-पंचवीसपर्यंत गेलं की खिडकीतला कडुनिंब हळूहळू खोलीत यायचा आणि पानं सलाईनच्या नळीवर उगवायची. पहिल्या दोन बाटल्या अशाच गेल्या. सासूबाई स्टुलावर. अर्पिता सिस्टर म्हणाल्या, मावशी, चहा पिऊन या. त्या म्हणाल्या की चहा त्यांना चालत नाही. घरी दिवसातून चार कप पितात.

तिसऱ्या बाटलीला मी अशीच तरंगत होते. मान खाजवली ते मला कळलंही नाही. सासूबाई उठल्या आणि एवढ्या जोरात सिस्टर म्हणून ओरडल्या की शेजारच्या खाटेवरचं बाळ जागं झालं. सिस्टरनी नळी बंद केली. मानेवर गांधी उठल्या होत्या, छाती थोडी जड वाटत होती. डॉक्टरीणबाई आल्या, बीपी पाहिला, छाती तपासली, एक सुई दिली. अर्ध्या तासात सगळं उतरलं. सासूबाईंनी माझा पाय धरून ठेवला होता.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे सौम्य होतं, बाटली खूप हळू करून पुन्हा लावता येईल, त्या स्वतः उभ्या राहतील, पण आमची तयारी असेल तरच. इंद्रजीतनी घरी निघायला कपड्यांची पिशवी उचलली. सासूबाईंनी ती पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि खाटेखाली सरकवली. मग स्टूल आणखी जवळ ओढलं.

काल पाचवी झाली. उद्या घरी.

तुझी आठवण रोज निघते, निघत राहो.

पुष्पा


वरचा तांडा
२ जानेवारी २०२५

ती. बाईस,
पुष्पाचा आणि एका नव्या मुलीचा नमस्कार.

२३ डिसेंबरला पुसदच्या दवाखान्यात झाली, पावणेतीन किलो. फोनवर तू रडत होतीस म्हणून नीट सांगता आलं नाही. नोव्हेंबरात माझं रक्त नऊ पॉइंट नऊ झालं होतं. गोळ्या परत सुरू केल्या, जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. एकही फेकली नाही. बाळंतपणात रक्त गेलं, पण मला सोसलं. शेवटपर्यंत शुद्धीवर होते.

आता स्वप्नं पडत नाहीत. पडते आणि झोपते, तेवढंच. खरं सांगू? पणजी, ते बैल, ते आरसे, कधी कधी करमत नाही त्यांच्याशिवाय. पण आवाज जवळून येतात आता. पोरीचा तर फारच जवळून येतो.

सासूबाई घरी नाहीत. शेजारच्या गोपालच्या बायकोला सातवा महिना आहे, रक्त सहाच्या आसपास. मोटारसायकलवाला डॉक्टर पिशवी घेऊन आला होता. सासूबाईंनी त्याला ओसरीवर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाल्या, तू बाटली लावल्यावर किती वेळ बसशील, ते सांग. तो घड्याळाकडे पाहू लागला. त्यांनी पिशवी त्याच्या हातात देऊन त्याला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी गोपालच्या बायकोला घेऊन स्वतःच एसटीत बसल्या. जन्मात एकट्या पुसदला गेल्या नव्हत्या.

सासरे मला बसल्या जागेवरून उठू देत नाहीत. भाकरी तेच थापतात, बोटभर जाड. रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन एसटी पाहून येतात आणि मला विचारतात, ती कधी येते म्हणे? मी सांगते, अजून दोन बाटल्या राहिल्या आहेत.

पोरीला पाहायला ये. तुझी वाट पाहणारी आता एक जास्त आहे.

तुझी,
पुष्पा