दोरी ओढायची पाळी

सातपूर, नाशिक
रविवार, दुपार

प्रिय चैतू,

तुझे बावीस प्रश्न येऊन तीन आठवडे झाले. तू दोनदा आठवण करून दिलीस आणि मी दोन्ही वेळा शिफ्टचं कारण सांगितलं. ते खोटं होतं. मी महिनाभर रजेवर आहे, आणि तुला कळू द्यायचं नाही असं आईला मीच बजावलं होतं. फोनवर हे जमलं नसतं. तू मध्येच 'पप्पा, जेवलात का' म्हणतेस आणि मी आयती वाट मिळाली म्हणून विषय सोडून देतो. म्हणून कागद घेतला. अक्षर वाईट आहे, सांभाळून घे.

तुझा प्रोजेक्ट काय, तर देशाची आणि कंपनीची संस्कृती साहेब लोकांची ध्येयं कशी घडवते. विषय चांगला आहे. पण पहिल्याच पानावर तू मला बसवलंस: जपानी मालक, नाशिकचे कामगार, आणि या दोघांना जोडणारे माझे पप्पा. ते वाचून मी मोबाइल पालथा ठेवला तो संध्याकाळपर्यंत उचलला नाही.

सिन्नरची आमची कंपनी आधी शेठची होती, तेव्हा तिथे काय चालायचं ते तुला नीट माहीत नसेल. शेठ म्हणतील ती पूर्व दिशा. मशीन बिघडलं तर आधी शेठच्या माणसाला शोधायचं, मग मशीनला हात लावायचा. शेठ वाईट माणूस नव्हता. तुझ्या आजीला दवाखान्यात न्यायला त्याने स्वतःची गाडी दिली होती. पण लाइन बंद करणारा माणूस त्याला खपायचा नाही, आणि त्याच्या मनासारखं वागायचं हेच आम्ही अठरा वर्षं शिकलो. त्यातच मी हेल्परचा सुपरवायझर झालो.

सहा वर्षांपूर्वी जपानी आले. त्यांनी प्रत्येक मशीनच्या डोक्यावर एक लाल दोरी टांगली. काही खटकलं की कुणीही ओढायची, कुणाला विचारायचं नाही. ओढली की दिवा लागतो, गाणं वाजतं, सगळी लाइन थांबते. मग मोठ्या साहेबाने पळत यायचं आणि ओढणाऱ्याचे आभार मानायचे. आम्ही तोंडावर हात ठेवून हसलो होतो. पहिल्या महिन्यात एकट्या गोटीरामने ओढली. जपानचे मोठे साहेब, इशिदा सान, खरंच धावत आले, कमरेत वाकले. गोटीराम बिचारा लाजून कुठे बघावं ते कळेना असा उभा. संध्याकाळी आमच्या प्लँट हेडने मला केबिनमध्ये घेतलं. हेड आपलाच, इथलाच. म्हणाला, 'ते वाकतील आणि विमानात बसतील, महिन्याचं प्रॉडक्शन मला दाखवायचंय.' मी काय समजायचं ते समजलो. गोटीरामला म्हटलं, बाबा, दोरीला हात लावण्याआधी मला विचारत जा. शिव्या नाही दिल्या, खांद्यावर हात ठेवून सांगितलं. तेवढं पुरलं. पुढचे चार महिने दोरीवर नुसती धूळ बसली.

त्याचा इशिदा सानला आनंद व्हायला हवा होता ना? उलट त्यांची झोप उडाली. एकदाही ओढली नाही म्हणजे माणसं घाबरलीत, असं त्यांचं म्हणणं. टोकियोहून फर्मान आलं, महिन्याला निदान दहा वेळा तरी दोरी ओढली गेली पाहिजे. आता हेडला प्रॉडक्शनही हवं आणि दहा वेळाही हव्यात. तोड मी काढली, चैतू. मी पाळ्या लावल्या. सोमवारी गोटीराम, गुरुवारी झुंबर, तेही चहाच्या सुट्टीला पाच मिनिटं असताना, म्हणजे काम बुडायला नको. कारण काय सांगायचं तेही मीच लिहून द्यायचो. तिकडचे खूश, इकडचे खूश. त्या वर्षी मला 'उत्कृष्ट नेतृत्व' असं लिहिलेलं सर्टिफिकेट मिळालं. त्याचा फोटो तू आठवडाभर स्टेटसला ठेवला होतास. जपानी पद्धत कामगारांच्या अंगवळणी कशी पाडली, या तुझ्या सातव्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

आता दिनेशचं सांगतो. दिनेश सुरगाण्याकडचा, ठेकेदारामार्फत आलेला, पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर असायचा. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली की प्रेस एकदा खाली येते, मग उघडते आणि आतला पार्ट काढायचा. गेल्या महिन्यात टोकियोहून पाहुणे येणार होते. त्यांना दोरी ओढताना बघायची होती, म्हणून साडेअकराला झुंबरची पाळी ठरवलेली. अकराच्या सुमाराला दिनेश माझ्याकडे आला. म्हणाला, 'साहेब, प्रेस आपोआप दुसऱ्यांदा पडते. दोनदा झालं. दोरी ओढू का? आज माझी पाळी नाय.' त्याच्या डोक्यावर दोरी लोंबत होती आणि तो ती सोडून साठ पावलं चालत मला विचारायला आला होता. मी घड्याळ बघितलं. म्हटलं, अर्ध्या तासात झुंबर ओढणारच आहे, तेव्हा मेंटेनन्सवाला बघून घेईल, तोवर चालव. तो 'बरं साहेब' म्हणाला आणि गेला.

अकरा वीसला गाणं वाजलं. मला झुंबरचाच राग आला, दहा मिनिटं आधी ओढली म्हणून. पाहुण्यांना दुभाष्याने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ते सगळे ओळीत उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. हेडपण वाजवत होता. मीही वाजवल्या. मग गोटीराम ओरडत आला, त्याचा शर्ट रक्ताने भरला होता. दिनेश पार्ट काढत असताना प्रेस पडली होती. दोरी गोटीरामने ओढली होती.

जपान्यांची एक रीत आहे, काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं. दोन दिवसांनी इशिदा सान आम्हाला घेऊन बसले. हात आत का होता? पार्ट काढत होता. प्रेस का पडली? क्लच झिजला होता. आधी कळलं का नाही? तपासणी राहिली होती. मग चौथा, दिनेशने दोरी का ओढली नाही? हेड म्हणाला, कामगार अडाणी आहे, ट्रेनिंग कमी पडलं. इशिदा सान माझ्याकडे वळले. मी मान हलवली, हो म्हणून. त्यांनी वही मिटली. पाचवा प्रश्न कुणी विचारला नाही. मग सरकारच्या कारखाना निरीक्षकांपुढे माझ्या जबाबावर मी सही केली, की दिनेशने मला काहीही सांगितलेलं नव्हतं. ठेकेदाराने त्याचं नाव दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं.

तुझी आजी धोंडाबाई सिन्नरला विड्या वळायची. कारखानदाराचा माणूस तिच्या विड्या उगाच बाद करायचा, आणि ती सगळ्यांसमोर त्याला जाब विचारायची. मला सांगायची, बाबासाहेबांनी मान वर करून दिलीय, खाली घालू नको. मी ती साहेबांपुढे कधी खाली घातली नाही असं मला वाटायचं. पण दोरीआधी मला विचारायला गोटीरामला आणि पुढे दिनेशलाही मीच शिकवलं, खांद्यावर हात ठेवून. मला स्वतःची किळस येते, चैतू, याहून नीट शब्द मला सापडत नाही.

परवा मी त्याच्या गावी जाऊन आलो. त्याच्या वडिलांनी, पुंजाबाबांनी, मला खाट दिली आणि स्वतः खाली बसले. दिनेशचा उजवा हात मनगटापासून गेलाय. डाव्याने सांडतं म्हणून बायको, रोशनी, त्याला घास भरवत होती. कारखाना निरीक्षकांना त्यानेही तेच सांगितलंय, की मी कुणाला विचारलं नव्हतं, चूक माझीच. मी म्हटलं, खोटं का बोललास? तर म्हणाला, 'माझा हात तं गेलाच साहेब. तुमची नोकरी गेली असती तं पोरीचं शिकणं थांबलं असतं. डब्याच्या वेळेला तुम्ही तिचंच सांगायचे.' तो तुझ्यासाठी गप्प बसलाय, चैतू, म्हणून हे पत्र. उद्या अकरा वाजता मी निरीक्षकांच्या ऑफिसात जाऊन जबाब बदलणार आहे. त्याने विचारलं होतं, मी चालव म्हणालो, पाळ्या मी लावल्या, हेडला सगळं माहीत होतं. नोकरी राहणार नाही, केसही होईल. तुझं शेवटचं वर्ष कसं पार पडेल, मला खरंच माहीत नाही. कुरिअर तुला मंगळवारी मिळेल, म्हणजे तू अडवायच्या आत सगळं झालेलं असेल. ते मी मुद्दाम केलंय. राग आला तर येऊ दे. त्याचं पूर्ण नाव दिनेश पुंजा गावित. तुझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे.

तुझाच,
पप्पा