पाठउजेड

नोव्हाय, रविवार

प्रिय रेणू,

हे 'प्रिय' सवयीने पडलं हातून. आता खोडत नाही.

मंडळाची म्युझियमची सहल छान झाली म्हणतात सगळे. हेडफोनमधून तुझ्या आवाजात फ्रेंच चित्रांची मराठी माहिती ऐकून सरलाकाकू रडल्या. मीही टाळ्या वाजवल्या, ते तू पाहिलंसच.

आठवतं? दोघी नवऱ्यांच्या मागे एच-फोर व्हिसावर आलेल्या, नोकरीची परवानगी नाही, म्हणून दर बुधवारी त्याच दालनात जायचो. तू पाटीवरचा फ्रेंच शब्द वाचायचीस, मी त्याला मराठी शोधायचे. वस्तू खरीच वाटावी असं चित्र, त्रोंप-लय, ते 'नजरचकवा'. नुसत्या करड्या छटांतलं, ग्रिझाय, ते 'राखरंगी'. "यार, तू जिनियस आहेस, हे लिहून ठेव ना!" म्हणत वही तूच आणलीस. सहा वर्षांत ती भरली, आणि गेल्या वर्षी तू ती 'फक्त वाचायला' नेलीस. शब्द स्वतःचे म्हणून सांगितलेस त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू? पण तो मी चार दिवसांत गिळला असता.

कोंत्र-झूरचं मात्र गिळता येत नाही. खिडकीकडे पाठ करून उभी ती बाई, मागून उजेड, चेहरा काळोखात. तिच्यासमोर मी तुला 'पाठउजेड' सांगितला, आणि तो कुठून आला तेही. सांगलीच्या स्वयंपाकघरात खिडकीला पाठ करून भाकऱ्या थापणारी आई. ती गेली तेव्हा माझं व्हिसाचं काम अडकलं होतं. गेले असते तर परत येता आलं नसतं. मी गेले नाही. हे फक्त तुझ्यापाशी बोलले होते. आणि तू हेडफोनमधून म्हणालीस, "माझी आई अशीच उभी असायची. तिला शेवटचं बघायलाही मला जाता आलं नाही." केसाने गळा कापलास, रेणू.

मंडळातर्फे हे काम बघणाऱ्या प्रसन्नला यातलं काही माहीत नाही. त्याने तुझा मजकूर मलाच तपासायला पाठवलाय. शुक्रवारी म्युझियम कायमचं रेकॉर्डिंग करणार आहे. मी सगळा तपासला. शब्द राहू देत, नावही तुझंच राहू दे. त्या पानावरची आई तेवढी मी खोडली आहे, कारण ती माझी आहे. तुझी आई नाशिकला धडधाकट आहे, रोज सकाळी तुला व्हिडिओ कॉल करते. टाळ्यांसाठी तू तिला मारलंस. हे तिच्या कानावर जायच्या आत, त्या रिकाम्या जागेत तिचं काहीतरी लिही.

एके काळची तुझीच,
उल्का