उषाच्या पाठीशी कोण उभं राहणार

राजूर,
ता. ११ एप्रिल १९९४

चि. वसंतास अक्काचे आशीर्वाद. इकडे सगळी खुशाली. तूही खुशाल असशील. तुमच्याकडे तर खुशाली मागायला दर रविवारी सभाच भरते म्हणतात.

एवढ्या वर्षांत पत्र नाही, मग आजच का, असं तुझ्या मनात येईल. येऊ दे. संशय आपल्या घरात सगळ्यांनाच येतो, पाद्री झालास म्हणून तू सुटला नसशील.

माझ्या उषाचं लग्न ठरलं. आखाजीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. मुलगा केदारखेड्याचा, घरची शेती, दिसायला सरळ. सरळ दिसतो म्हणूनच मी त्याची जास्त चौकशी केली.

तुम्ही हसनाबादला डोळ्यांचं शिबिर घेता, फुकट चष्मे देता, असं कळलं. फुकट म्हटलं की मला आधी गळ दिसतो. म्हणून माझे दीर तातेराव यांना दोन-तीन रविवार तुमच्या प्रार्थनेला धाडलं. ते येऊन सांगायचे, "वहिनी, गाणे म्हणतेत, चहा देतेत. कोणाला बाटवून न्हाई राह्यले."

"मंग तुम्ही घडीघडी कशाला जाऊन राह्यले?"

"चहा बराबर असतो," म्हणे. तेव्हापासून माझा तातेरावांवरही संशय आहे.

शेवटी मीच शिबिराला आले, सासूबाईंना घेऊन. त्या बिचाऱ्या चाचपडत जेवत होत्या. तू ओळखू नयेस म्हणून मी पदर नाकापर्यंत ओढला आणि पाण्याची कळशी घरूनच घेतली. पाद्र्याचं पाणी पोटात गेलं की माणूस बाटतो, हे आपले दादा मरेपर्यंत सांगत होते. तू छातीच्या दुखण्यानं मिशनच्या दवाखान्यात पडला होतास, तेव्हाही त्यांचं तेच: "त्यानं तिथलं पाणी पेलं, तो आता आपला न्हाई." सख्खा बाप असून आम्हाला कुणालाच जाऊ दिलं नाही. तिथल्या नर्सबाईनं तुझं हगणंमुतणं काढलं, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रोज तुझ्यासाठी प्रार्थना करायचा, आणि तो मेला त्या दिवशी त्याची प्रार्थना तू पुढे चालवलीस, असं तू एकदा सांगितलं होतंस. मला वाटायचं, काहीतरी चारलं असणार. पण नाव तू वसंताच ठेवलंस. मग बदललं काय, ते मला अजून उमगलेलं नाही.

त्या दिवशी तू सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घातलंस आणि माझ्याकडे वळून म्हणालास, "अक्का, घोटभर पाणी भेटंल का?" माझ्याच कळशीतलं पाणी ओंजळीनं प्यालास आणि पुढच्या म्हातारीकडे गेलास.

ओळखलं होतंस का रे मला? की सगळ्याच बायांना अक्का म्हणतोस? परतताना जीपमध्ये मला रडू आवरेना. सासूबाईंना धूळ गेली म्हणून सांगितलं. त्यांना आता चष्म्यातून करपलेली भाकर लांबून दिसते आणि मला रोज बोलणी बसतात. एवढा तुझा उपकार.

आता मुद्द्याचं, जे मी मघापासून टाळते आहे. पत्रिका छापल्या. मामा म्हणून आपल्या चुलत्याच्या रामरावचं नाव घातलं. ह्यांनी घातलं, मी गप्प बसले. पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवली तेव्हाही गप्पच होते.

काल व्याही साहेबराव आले. चहा पुढे ठेवला तर म्हणाले, "तो पाद्री मांडवात येणार न्हाई ना? मंगलाष्टका चालू असताना पोरीच्या मागं तो उभा दिसला, तर आम्ही वरात माघारी नेऊ."

मला काय झालं कोण जाणे. आतून बाहेर आले आणि म्हटलं, "माझ्या पोरीचा मामा जिता हाय. तो असताना दुसरा उभा करायचा न्हाई."

साहेबराव चहा न घेताच उठले. अजून निरोप नाही. हे माझ्याशी बोलत नाहीत. उषा चुलीपुढे बसून नुसती माझ्याकडे बघते, आणि तिच्या नजरेला नजर द्यायची मला भीती वाटते.

पण वसंता, माझा खरा संशय ना व्याह्यांवर आहे, ना तातेरावांवर. तुझ्यावर आहे. मांडवात आमचे देव असणार, भटजी असणार. तुझा देव तुला तिथे उभं राहू देईल का? की तुलाच आम्ही आता नको झालो?

यायचं असेल तर ये. नाही म्हणायचं असेल तर पत्र धाडू नकोस. दारात येऊन तोंडानं सांग. म्हणजे निदान आलास तरी.

पोरीचं लग्न पणाला लावून बसलेली,
तुझी अक्का
चतुराबाई