ओळीच्या तोंडाशी गोकुळ

२ जानेवारी, दुपारी ४
संकल्प: गोकुळच्या वर्षश्राद्धापर्यंत, म्हणजे २० तारखेपर्यंत, त्याच्या कॉम्प्युटरातले फोटो त्याच्या बायकोला, लंकाबाईंना दाखवायचे. टेलिफोन खात्यातला माझा जोडीदार गेला आणि युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीवर चालणारं हे धूड मागं ठेवून गेला. त्यावर नुसती अक्षरं दिसतात, चित्र नाही. चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड आणून त्यातून ते यंत्रावरच तयार करायचं, म्हणजे आमच्या भाषेत बांधायचं. चार दिवसांचं काम.

३ जानेवारी
गोकुळच्या खुर्चीत बसलो नाही. भूतबित मी मानत नाही. स्टुलावर कंबर ताठ राहते. यंत्रावरचं खातं त्याच्या नावाचं, त्यामुळं एंटर दाबलं की नव्या ओळीच्या तोंडाशी इंग्रजीत गोकुळ असं आपसूक उमटतं. लंकाबाईंना वाचून दाखवलं. नवऱ्याचं नाव त्या कधी घेत नाहीत. म्हणाल्या, आजून एकदा दाबा, भाऊ.
बाईंना तंत्राची आवड दिसते.

७ जानेवारी
निमगावात रेंज रुसलेली. ओतूरला जाऊन कोड पेनड्राइव्हवर आणला. बांधायला घेतला तर अमुक फाइल नाही. ती आणली तर तिला दुसरी हवी. एकाला आवतण द्यावं तर तो सोयऱ्याधायऱ्यांसकट दारात. तीन खेपा झाल्या. कंडक्टर म्हणाला, पावणं, ओतूरातच खोली का घेत न्हाई?

१२ जानेवारी
सहा तास बांधलं. शेवटच्या पायरीला एरर. खाली गोकुळ, आणि पुढं लुकलुकणारी रेघ. आता हा काहीतरी बोलणार, असं वाटत राहिलं. चष्म्याचा नंबर वाढला असावा. लंकाबाई रोजच्यासारख्या चहा ठेवून मागं उभ्या. म्हणाल्या, न्हाई झालं तरी चालंल. उद्याबी या.
धीर देतात बिचाऱ्या.

१८ जानेवारी
सगळी भानगड परवानग्यांची; गोकुळच्या खात्यावरून यंत्र नवं काही बसवू देईना. गोकुळचं खातं काढून टाकलं, माझ्या नावानं, भगवंत म्हणून, नवं केलं, फोटो त्यात हलवले. लगेच बांधलं गेलं. हे आधीच सुचायला हवं होतं.

२० जानेवारी
पडदा उजळला. एक्केचाळीस फोटो. सगळ्यांत लंकाबाई. भात लावताना, आहुप्याला माहेरी, चुलीपाशी रागावलेल्या. गोकुळ एकातही नाही. तो कॅमेऱ्यामागं.
मी शाबासकीची वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, त्ये दाबा की, रोज दाबता त्ये. अक्षरांची खिडकी उघडून एंटर दाबलं. भगवंत, मी सवयीनं मोठ्यानं वाचलं.
बाई पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, गोकुळ कुठंय?
मी म्हटलं, आत्ता टाइप करून देतो.
नगं भाऊ, म्हणाल्या. तुमी लिवलेलं नगं. त्ये आपसूक यायचं.
उद्या येऊ का, विचारायचं राहिलं.